तीन आठवड्यांत 'बळावलेला' स्मृतिभ्रंश : एका प्रकरणाचा अभ्यास

७४ वर्षांच्या निवृत्त हिशेबनीस बाई. मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले ते एकच प्रश्न घेऊन: आईंना यापुढे घरी ठेवता येईल का? चार महिन्यांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले होते, औषध चालू होते, आणि तरीही गेल्या तीन आठवड्यांत सगळे हाताबाहेर गेले होते. रात्रभर जागरण, कपाटातले कपडे काढून गाठोडी बांधणे, कोपऱ्यात माणसे उभी आहेत म्हणून ओरडणे. सुनेला त्या 'तुम्ही कोण?' असे विचारू लागल्या. दोनदा पडल्या, दुसऱ्या वेळी कपाळाला खोक पडली. दिवसा मात्र खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या. 'रोग पुढच्या टप्प्यात गेला' असे घरच्यांना सांगण्यात आले होते आणि रात्री शांत राहाव्यात म्हणून हॅलोपेरिडॉल लिहून दिले होते. ते अजून सुरू केलेले नव्हते, हे नशीब.

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. त्यातले दुखणे, औषधे आणि चुका मात्र वृद्धांवर उपचार करणाऱ्या कोणालाही रोजच्या ओळखीच्या आहेत.

घसरणीचा वेग

स्मृतिभ्रंशात काय बिघडले याइतकेच ते किती वेगाने बिघडले याला महत्त्व असते. अल्झायमर महिन्यांनी आणि वर्षांनी सरकतो. रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश पायरी-पायरीने उतरतो: एखादा झटका, मग काही काळ जैसे थे, पुन्हा झटका. तीन आठवड्यांत माणूस ओळखेनासा झाला तर मूळ रोगाला दोष देण्याआधी दुसरे कारण शोधावे लागते. प्रिऑनचा (बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा) विकार किंवा मेंदूचा स्वप्रतिकारक दाह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटणे, आठवड्यांत माणसाला खाली आणतो, पण हे दोन्ही विरळा. औषधे, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, डोक्यातला रक्तस्राव, सोडियमची उतरण ही कारणे मात्र पैशाला पासरी.

वेग ठरवायला घरच्यांची आठवण फारशी कामाची नसते. 'बरेच दिवस झाले' म्हणजे दोन महिनेही असू शकतात आणि दोन वर्षेही. इथे एक चांगला पुरावा हाताशी होता. या बाई घरखर्चाची वही ठेवत. ती मागवली. दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या बेरजा बिनचूक. मग एका आठवड्यात विजेचे बिल दोनदा लिहिलेले. काही महिन्यांनी बेरजेतला हातचा सुटू लागला. पुढे पानाची एकूण रक्कम 'मागील पानावरून पुढे' न्यायची राहू लागली. पण अक्षर तेच, ओळी सरळ, तारखा क्रमाने. शेवटच्या तीन आठवड्यांची पाने निराळीच होती: ओळी एकमेकींवर चढलेल्या, तारखा मागेपुढे, आणि एका पानावर नुसता सातचा आकडा वरपासून खालपर्यंत. दोन वर्षांची संथ घसरण हा एक आजार आणि तीन आठवड्यांची कोसळ हा दुसरा, हे त्या वहीने कोणत्याही चाचणीआधी सांगितले.

अशी वही प्रत्येक घरात नसते. मोबाइलमधले संदेश, बँकेतल्या सह्या, जुनी पत्रे, शिवणकाम, यांपैकी काहीही चालते. एखादे काम माणूस कधीपर्यंत स्वतः नीट करत होता आणि केव्हापासून नाही, एवढे त्यातून कळले पाहिजे.

पिशवी उपडी केली

दुसरी मागणी होती घरातल्या सगळ्या औषधांची. चिठ्ठ्या चालत नाहीत. डबे, पाकिटे, अर्धवट पत्ते, सर्दीखोकल्याच्या गोळ्या, शेजारणीने दिलेले काही असेल तर तेही हवे. टेबलावर मांडल्यावर आणि प्रत्येकाची सुरुवातीची तारीख लिहिल्यावर चित्र असे दिसले.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, १४ वर्षे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, बऱ्याच वर्षांपासून. निदान झाल्यावर डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी ते १० केलेले. १० सुरू झाल्यावर महिन्याभरात लघवी आवरेना, कपडे ओले होऊ लागले. त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मग झोप लागेना म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम. आणि सर्दी झाली तेव्हा घरच्यांनीच दिलेली, क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, जी सर्दी गेल्यावरही 'झोप तरी लागते' म्हणून चालू राहिली.

ही साखळी वैद्यकात चांगली ओळखीची आहे. डोनेपेझिल मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन मोडण्याचा वेग कमी करते, म्हणून ते जास्त काळ उपलब्ध राहते. पण औषध फक्त मेंदूतच जाते असे नाही. मूत्राशयाचा स्नायूही याच रसायनावर आकुंचन पावतो, म्हणून लघवीची घाई होते. तो औषधाचा दुष्परिणाम आहे हे लक्षात न येता ती नवी तक्रार समजली जाते आणि ऑक्सिब्युटिनिन दिले जाते, जे अ‍ॅसिटिलकोलीन पेशींवर ज्या जागी चिकटून काम करते त्या जागाच (ग्राहक) अडवते. तेही मेंदूत पोचते. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि क्लोरफेनिरामिन हेच करतात. अल्झायमरमध्ये हे रसायन आधीच कमी पडलेले असते. एका गोळीने ते वाचवायचे आणि तीन गोळ्यांनी निरुपयोगी करायचे, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

यात कोणा एकाने घोडचूक केली असे नाही. लघवीसाठी एक डॉक्टर, झोपेसाठी दुसरे, सर्दीसाठी औषधांचे दुकान. प्रत्येकाने समोरची तक्रार पाहिली. तारखा एकाखाली एक लिहायचे काम कोणाचेच नव्हते.

तपासणीत काय सापडले

बाईंना वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. 'डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर...' इथवर आल्या, मग नजर दाराकडे गेली, 'तो माणूस केव्हाचा उभा आहे', आणि पुढच्या वाक्याला डोळे मिटले. मिनिटभराने हाक मारल्यावर पुन्हा जाग्या आणि बोलत्या. सौम्य ते मध्यम अल्झायमरमध्ये स्मरण गेलेले असते, पण माणूस प्रश्न धरून ठेवू शकतो, जागेपण स्थिर असते. लक्षच टिकत नाही, जागेपण तासातासाला वरखाली होते, बोलण्याचा धागा तुटतो आणि हे सगळे थोड्या दिवसांत सुरू झालेले असते, तेव्हा तो डिलिरियम; घरात ज्याला 'वात झाला' म्हणतात तो. स्मृतिभ्रंश असलेल्या मेंदूत तो फार सहज होतो, म्हणून दोन्ही एकाच माणसात असणे हा अपवाद नव्हे.

नाडी मिनिटाला ४६. तोंड कोरडे, ओटीपोट फुगलेले आणि दाबल्यावर बाई कण्हत. सोनोग्राफीत, लघवी करून आल्यानंतरही मूत्राशयात ४८० मिलिलिटर लघवी शिल्लक. म्हणजे कपडे ओले होत होते ते आता घाईमुळे नव्हे, भरलेल्या मूत्राशयातून गळती होत होती म्हणून. घरच्यांना वाटत होते की गोळी कमी पडते. पाच दिवस शौचाला झालेले नव्हते. दोन्ही कानांत मळाचे बूच.

हृदयालेखात नाडी मंद, पण हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वहनात मोठा अडथळा नव्हता आणि काही औषधांनी धोकादायकरीत्या लांबणारे क्यूटी अंतर मर्यादेत होते. डोनेपेझिल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही नाडी उतरवतात. एकत्र आले की चक्कर आणि पडणे. दोनदा पडण्याचा उलगडा बहुधा इथेच होता.

डोक्याला मार लागलेला असल्यामुळे त्याच दिवशी सीटी स्कॅन. वृद्धांत मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनी लक्षणे देते, म्हणून पडल्यानंतर 'काही झाले नाही' हे पुरेसे नसते. रक्तस्राव नव्हता. एमआरआय मुद्दाम लांबवला. त्यासाठी वीस-तीस मिनिटे हलायचे नाही. भ्रमात असलेल्या माणसाला त्यासाठी भूल देणे म्हणजे आगीत तेल.

रक्तात सोडियम १३३, किंचित कमी. मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम, थायरॉइड ठीक. तीन महिन्यांच्या साखरेचे प्रमाण ७.४ टक्के, या वयात आणि या आजारात ते आणखी खाली ओढायची गरज नाही, साखर एकदम उतरणे जास्त घातक. जीवनसत्त्व ब१२ मात्र १६८ पिकोग्रॅम, म्हणजे कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते घटते आणि क्वचितच कोणी तपासते. लघवीत थोडे जंतू सापडले. ताप नाही, जळजळ नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. प्रतिजैविक दिले नाही. वयस्कर स्त्रियांच्या लघवीत जंतू असणे फार सामान्य आहे आणि प्रत्येक भ्रमाला 'लघवीचा संसर्ग' म्हणून खरे कारण राहून जाते.

पहिला आठवडा

ऑक्सिब्युटिनिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. थोड्या आठवड्यांच्या कमी मात्रेमुळे हे एकदम थांबवता आले. याजागी अल्प्राझोलॅम किंवा लोराझेपॅमसारखी झोपेची गोळी महिनोन्‌महिने चालू असती, तर ती एकदम बंद करणे धोक्याचे. झटके येऊ शकतात, भ्रम वाढतो, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

डोनेपेझिल पुन्हा ५ वर. मेटोप्रोलॉल केवळ रक्तदाबासाठी होते, हृदयविकार नव्हता, म्हणून मात्रा अर्धी करून दोन आठवड्यांत बंद आणि त्याजागी अ‍ॅम्लोडिपिन. हे औषध एका दिवसात तोडायचे नसते. नाडी आणि रक्तदाब उसळतात. मूत्राशयासाठी कॅथेटर, पण पाचच दिवस. नळी ओढणे, बांधून ठेवणे, जंतू शिरणे, या सगळ्याने भ्रम लांबतो, त्यामुळे कॅथेटर घालतानाच काढायची तारीख लिहावी. काढल्यावर शिल्लक लघवी ६० मिलिलिटर. शौचासाठी आधी एनिमा, मग रोज मॅक्रोगोल हे शौच मऊ करणारे औषध.

हॅलोपेरिडॉल दिले नाही. याची दोन कारणे. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मनोविकारांवरची ही औषधे मृत्यूचे प्रमाण वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये यातल्या नव्या पिढीच्या औषधांबाबत इशारा दिला तो साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.६ टक्के मृत्यू दिसल्यावरून, आणि २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. दुसरे कारण याच बाईंपुरते: स्पष्ट दिसणारे भास आणि वरखाली होणारे भान हे लुई बॉडी या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचेही लक्षण आहे. त्यात हॅलोपेरिडॉलने माणूस लाकडासारखा ताठतो, गिळता येत नाही, जिवावर बेतते. ती शक्यता मिटेपर्यंत त्या औषधाला हात लावायचा नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला आणि बाकी सगळे करून झाले, तर अगदी कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, थांबवायची तारीख ठरवून अशी औषधे वापरतात. इथे ती वेळ आली नाही.

बाकीचा उपचार अगदी साधा दिसतो आणि तोच जास्त कष्टाचा असतो. कानातला मळ काढला. चष्मा शोधून पुसून लावला. दिवसा पडदे उघडे, खुर्चीतून दर दोन तासांनी उठवून स्वच्छतागृहापर्यंत चालवणे, रात्री खोलीत मंद दिवा. शेजारी नेहमी ओळखीचेच माणूस. 'तो माणूस' दिसला की 'तिथे कोणी नाही' असा वाद घालायचा नाही आणि 'हो, आहे' असेही म्हणायचे नाही. 'मी इथे आहे, तुम्हाला भीती वाटतेय ना' एवढेच. सुनेने कोपऱ्यातला कोट अडकवलेला खुंटीचा स्टँड हलवला तेव्हा त्या दिशेचे भास निम्म्याने कमी झाले.

भास दहाव्या दिवशी थांबले. झोप तिसऱ्या आठवड्यात सावरली. घरच्यांना आधीच सांगितले होते की औषध शरीरातून गेले तरी डिलिरियम मागे रेंगाळतो, कधी आठवडे, कधी महिने. हे सांगितले नाही तर चौथ्या दिवशी 'गुण नाही' म्हणून कोणीतरी झोपेची गोळी पुन्हा सुरू करते.

सहा आठवड्यांनी: खरा स्मृतिभ्रंश किती

बुद्धीच्या चाचण्या डिलिरियममध्ये केल्या तर आकडा खोटा येतो आणि तो कागदावर कायमचा राहतो. म्हणून सहा आठवडे थांबून मग केल्या. ३० गुणांच्या मिनी मेंटल चाचणीत २०. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले तर एकही नाही. 'एक फूल होते' असा इशारा दिला, तरी नाही. उलट कधी सांगितलेच नव्हते अशी खात्री. ही बाब महत्त्वाची. नैराश्यात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारात माहिती आत गेलेली असते, बाहेर काढता येत नाही, इशाऱ्याने बहुधा आठवते. अल्झायमरमध्ये ती साठवलीच जात नाही. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले: वर्तुळ नीट, आकडे उजवीकडे दाटलेले, आणि एक काटा ११ वर तर दुसरा थेट १० वर. दोनवर न्यायचा विचार करण्याऐवजी 'दहा' हा ऐकलेला शब्दच काट्याला खेचून घेतो.

चालणे सरळ, हातपाय ताठ नाहीत, झोपेत हातवारे नाहीत, भास परतले नाहीत. लुई बॉडीची शक्यता मागे पडली. चालण्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे आणि लघवीवर ताबा नाही, या दोन्हींसोबत विसराळूपणा असता तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा विकार पाहावा लागला असता, कारण तो नळी बसवून सुधारू शकतो.

आता एमआरआय शांतपणे झाला. दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतले स्मरणाचे भाग, आकसलेले. त्याशिवाय मेंदूच्या पांढऱ्या भागात मध्यम प्रमाणात व्रणासारखे ठिपके आणि खोलवर एक जुना, मुगाएवढा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग), ज्याचा कोणाला पत्ताही लागला नव्हता. निदान: अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा विकार, दोन्ही मिळून. या वयात असे मिश्रण शुद्ध प्रकारापेक्षा काही कमी आढळत नाही.

आत काय चालले असते

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी होत्या आणि आजही निदानाचा पाया त्याच आहेत. पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे थर, आत टाऊ प्रथिनाचे गुंते. अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचत असते. लक्षणांशी जास्त जुळतात ते टाऊचे गुंते, आणि ते सुरू होतात हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतच्या भागात, जिथे नवी आठवण बनते. म्हणून सकाळचे विसरते आणि चाळीस वर्षांपूर्वीचे आठवते. घरचे यालाच 'सोयीस्कर विसरणे' म्हणतात आणि तिथून भांडणे सुरू होतात.

या बाईंच्या बाबतीत दुसरा हातभार मधुमेह आणि रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्यांवर केलेल्या कामाचा. ब१२ची कमतरता तिसरी. तिची इंजेक्शने दिली: १००० मायक्रोग्रॅम, पहिला आठवडा रोज, पुढे महिनाभर आठवड्यातून एकदा, नंतर दरमहा. ती भरून काढल्यावर गुण वाढतील अशी आशा घरच्यांना दिली नाही, कारण दोन वर्षांच्या क्षयानंतर तसे क्वचितच होते. ब१२ द्यायचे ते पुढचे नुकसान टाळायला, मज्जातंतूंचेही.

औषध किती देते

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमवरच ठेवले. १० वर नेण्याचा आग्रह पुष्कळदा होतो, पण १० वर लघवी आवरत नव्हती आणि नाडी ४६ होती. ५ वर लघवीची तक्रार गेली, नाडी ६२. गोळी सकाळी, कारण रात्री घेतल्यास स्वप्ने फार ठळक पडतात. या औषधाने रोग थांबत नाही. सरासरी फायदा ३० पैकी एखाद्या गुणाचा, काहींना दिसण्याजोगा, काहींना मुळीच नाही. आमच्या मते हे आकडे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावेत. मोठी अपेक्षा ठेवली की घसरण दिसताच नवनव्या गोळ्यांचा शोध सुरू होतो.

मुलाने लेकानेमॅबबद्दल वाचले होते. अमायलॉइड उपसून काढणारे हे औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात १८ गुणांच्या मापावर दोन गटांतला फरक ०.४५ गुणाचा. ते केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी, अमायलॉइड असल्याचा पुरावा मिळाल्यावर आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय करूनच देता येते. त्या चाचणीत मिनी मेंटलमध्ये २२ च्या खाली गुण असलेल्यांना घेतलेले नव्हते. बाईंचे २०, त्यात रक्तवाहिन्यांचा विकार. उत्तर नाही असेच होते.

रक्तदाब ठरवलेल्या मर्यादेत ठेवणे आणि रोज अर्धा तास चालणे या मिश्र प्रकारात कोणत्याही महागड्या औषधाच्या तोडीचे वाटते. श्रवणयंत्र दिले, पण ते कानात राहील याची जबाबदारी मुलाने घेतली. नाहीतर ही यंत्रे खणात पडून राहतात.

घरातले बारकावे

गोळ्या सात कप्प्यांच्या डब्यात, डबा सुनेकडे, आणि गोळी नुसती हातात देऊन न जाता गिळेपर्यंत समोर थांबायचे. डब्याला चिकटवलेली यादी: औषधाचे नाव, मात्रा, कशासाठी, कधीपासून. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती दाखवायची आणि नव्या गोळीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: 'याने भ्रम वाढतो का?'

आंघोळीला नकार हा रोजचा झगडा होता. बहुतेक वेळा कारण थंडी, लाज किंवा डोक्यावर येणाऱ्या पाण्याची भीती असते. खोली आधी गरम केली, अंगावर टॉवेल ठेवूनच एकेक भाग धुतला, 'आंघोळ करायची का?' हा प्रश्न काढून टाकून 'आई, पाणी काढलंय, चला' असे सांगायला सुरुवात केली. प्रश्न विचारला की 'नाही' हे उत्तर तयारच असते. डोके वेगळ्या दिवशी.

पैसे चोरीला गेल्याचा आरोप सुनेवर येत असे. हिशेबनीसाच्या मेंदूत तो येणारच. खुलासे करून काही होत नाही. पाकीट कुठे ठेवले हे आठवत नाही, ती पोकळी 'कोणीतरी घेतले' याने भरली जाते. त्याच रंगाचे दुसरे पाकीट आणून ठेवले आणि 'चला, मिळून शोधू' असे म्हणायचे ठरले. बाहेरच्यांसमोर आरोप झाला की सुनेला तो सहन करणे कठीण जाई. मुलाने नातेवाइकांना एकदा बसवून आजार समजावला, त्याचा उपयोग पाकिटापेक्षा जास्त झाला.

बँकेचे व्यवहार आणि इच्छापत्र मात्र लगेच. २० गुणांवर माणूस आपली इच्छा समजून सांगू शकतो. दीड-दोन वर्षांनी तसे राहीलच असे नाही. उपचारांबद्दलची इच्छाही तेव्हाच विचारली. पुढे गिळणे बिघडले की पोटात नळी घालण्याचा प्रश्न येतो. अखेरच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही आणि श्वासनलिकेत अन्न जाणेही टळत नाही, हे सांगितल्यावर बाई स्पष्ट म्हणाल्या, 'मला नळ्या नकोत.' ते लिहून ठेवले.

मुलाला स्वतःची काळजी होती. ६५ नंतर होणारा अल्झायमर सहसा थेट वारशाने येत नाही. धोका थोडा वाढतो इतकेच. जनुक तपासून हाती काही लागत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत आणि जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडले आहेत. ऐकू कमी येणे, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू त्यात येतात. त्याचा रक्तदाब त्याच दिवशी मोजला: १५४/९६. पुन्हा दोनदा मोजून उपचार सुरू झाले.

अकराव्या महिन्यात

या खेपेला ओरडणे नव्हते. बाई दोन दिवस गप्प, जेवण अर्धे, हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटणाऱ्या. अशा शांत डिलिरियमकडे 'थकल्या असतील' म्हणून दुर्लक्ष होते आणि तोच जास्त चुकतो. सुनेने दुसऱ्या दिवशीच फोन केला आणि यादी वाचून दाखवली: नवे औषध नाही, शौच काल झाले, लघवी नेहमीसारखी, पडल्या नाहीत, श्वास मिनिटाला २६. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. ताप नव्हता, या वयात तो असेलच असे नाही. उपचार वेळेत झाले, चार दिवसांत घरी. मात्र दोन महिन्यांनी केलेल्या चाचणीत गुण १७ आले. डिलिरियमच्या प्रत्येक झटक्यानंतर माणूस पूर्वीच्या पायरीवर परततोच असे नाही.

रोग मध्यम टप्प्यात आल्यामुळे मेमँटिन हे अल्झायमरवरचे दुसरे औषध जोडले: ५ मिलिग्रॅमपासून, दर आठवड्याला ५ ने वाढवत २० पर्यंत. मूत्रपिंडाचे रक्त गाळण्याचे काम मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असते तर १० वरच थांबावे लागले असते. बाईंचे ५८ होते. डोनेपेझिल ५ चालू. पुढची भेट सहा आठवड्यांनी, सोबत गोळ्यांची पिशवी, नाडी, वजन आणि गिळताना खोकला येतो का याची नोंद.